वावरातला काटा आणि बदललेले मूत्रपिंड

पूर्णाकाठचा खारपाणपट्टा अकोला-अमरावतीकडच्या माणसाला सांगायला नको. तिथल्या विहिरींचे पाणी खारट, आणि मूत्रपिंडाचे, म्हणजे किडनीचे, रोगीही पुष्कळ. काहींना शेवटी दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवावे लागते. ही शस्त्रक्रिया अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही होते. माणूस बरा होऊन घरी येतो, अंगात ताकद आली की वावरात उतरतो. खरी काळजी तिथून पुढे घ्यायची.

आपल्या शरीरात एक जागल्या असतो असे समजा. परके दिसले की तो ते हाकलतो. मूत्रपिंड आईने दिलेले का असेना, त्याच्या लेखी परकेच! म्हणून त्याला पेंगवणारी औषधे कायम घ्यावी लागतात. जागल्या पेंगला की मूत्रपिंड वाचते. पण एरवी वेशीबाहेर राहणारे भुरटे चोरही आत शिरतात.

असा एक चोर आपल्या मातीतच आहे. त्याचे नाव नोकार्डिया. एदमों नोकार या फ्रेंच पशुवैद्याने १८८८ साली तो गुरांच्या रोगात पाहिला. धडधाकट माणसाला पऱ्हाटीचा खुंट लागला तर जखम बहुधा आठवड्यात भरते. या रोग्याला मात्र तिथे गाठ येऊ शकते, ती फुटून पू वाहतो. कधी पायावर ओळीने गाठी चढत जातात. ताप असतोच असे नाही, दुखणेही बेताचेच. फसगत होते ती इथेच. कोणी बिबा लावतो, कोणी हळद-चुना थापतो, आणि जंतू तेवढ्यात फुप्फुसात नाहीतर मेंदूत जाऊन बसतो. क्षयाच्या जंतूचे काही भाऊबंदही माती-पाण्यात राहतात; तेही अशाच गाठी आणतात.

गंमत अशी, की जागल्याला पेंगवणारे टॅक्रोलिमस हे औषध १९८४ साली जपानात मातीतल्याच एका जंतूपासून मिळाले. तो नोकार्डियाचा दूरचा नातलग! गुरुजी, वर्गात सांगण्याजोगी ही गोष्ट आहे.

तेव्हा वावरात बूट घालूनच जावे, निंदताना हातमोजे असावेत. गाठ दिसली की डॉक्टरांकडून पू किंवा गाठीचा तुकडा तपासून घ्यावा. हे जंतू सावकाश वाढतात. म्हणून मूत्रपिंड बदलल्याचे प्रयोगशाळेला कळले पाहिजे, म्हणजे नमुना दोन-तीन आठवडे राखून पाहतात. उपचार काही महिने चालतो. आणि मनाने कुठलेच औषध सुरू करू नये, बंदही करू नये. क्षयावरचे रिफाम्पिसिन घेतले तर रक्तातले टॅक्रोलिमस झपाट्याने उतरते, जागल्या जागा होतो, आणि बसवलेले मूत्रपिंडच धोक्यात येते.