लॅपटॉपचा पडदा आणि न निघणारी बॅटरी

तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांचा मोठा संचय आहे. भोसले राजांच्या दप्तरातील मोडी कागदांचाही त्यात अंतर्भाव होतो. मोडी लिहिणारा लेखक प्रथम शिरोरेषा आखून घेई आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता तिच्याखाली अक्षरे ओढीत जाई. अशा लेखनात एका अक्षराचे वळण दुसऱ्यापासून ओळखावयाचे, तर बारीकातील बारीक रेषा स्पष्ट दिसावी लागते. आज अशा कागदाचे छायाचित्र पुष्कळदा लॅपटॉपच्या पडद्यावर वाचले जाते. तेव्हा पडदा किती सूक्ष्म असावा, हा प्रश्न वाचकाच्या डोळ्यांशी निगडित होतो. तो त्या यंत्राच्या बॅटरीशीही तितकाच निगडित आहे, ही गोष्ट मात्र खरेदीच्या वेळी सहसा ध्यानात येत नाही.

प्रथम डोळ्याचा विचार करू. (तंजावरात तो अप्रस्तुत नव्हे. सरफोजी राजांना, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी झाली, नेत्रवैद्यकात रस होता, आणि त्यांच्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह याच ग्रंथालयात आहेत.) दोन बिंदू निरोगी डोळ्यास वेगळे दिसावयाचे असतील, तर त्यांच्यामध्ये सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतके कोनीय अंतर असावे लागते. लॅपटॉप आपण डोळ्यांपासून सुमारे ५० सेंटिमीटरवर ठेवतो. त्या अंतरावर एक कला म्हणजे ०.१४५ मिलिमीटर होते.

पडद्यावरील चित्र लहान लहान चौकोनी बिंदूंचे बनलेले असते. कर्णाची लांबी १४ इंच असलेल्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ बिंदू असतील, तर प्रत्येक बिंदू ०.२३ मिलिमीटरचा होतो. हा डोळ्याच्या मर्यादेहून बराच मोठा आहे, म्हणून अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. १९२० गुणिले १०८० बिंदू असतील तर बिंदू ०.१६ मिलिमीटरवर येतो आणि मर्यादेच्या जवळ पोहोचतो. २८८० गुणिले १८०० बिंदूंच्या पडद्यावर तो ०.१ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे नेहमीच्या अंतरावर बसलेल्या वाचकास तो दिसतच नाही.

आपल्या लिपीस या फरकाचे मोल रोमन लिपीपेक्षा अधिक आहे. पहिल्या प्रकारच्या पडद्यावर दहा पॉइंटच्या अक्षरास उंचीत जेमतेम पंधरा ओळी बिंदू मिळतात. त्या पंधरा ओळींत शिरोरेषा, वर रफार, वेलांटी व अनुस्वार आणि खाली उकार एवढे सारे बसवावयाचे! ‘र्कीं’ सारख्या अक्षरावर नुसता एक गोळा दिसतो. पडदा दुसऱ्या प्रकारचा घेतल्यास ही अडचण बहुतांशी दूर होते. तिसऱ्या प्रकारात अक्षर छापील पानासारखे दिसते हे खरे, परंतु वाचनाच्या दृष्टीने दुसऱ्या पायरीने जितका लाभ होतो, तितका तिसरीने होत नाही.

आता या लाभाची किंमत पाहू. पहिल्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख बिंदू असतात, तिसऱ्यावर जवळजवळ बावन्न लाख. प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा व निळा असे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागास स्वतःचा सूक्ष्म विद्युत्-दरवाजा असतो. हे दरवाजे आणि त्यांच्या तारा मागून येणारा प्रकाश काही प्रमाणात अडवतात. बिंदू जितके लहान, तितका अडलेल्या जागेचा वाटा मोठा. म्हणून तेवढाच उजेड पुढे यावयाचा, तर मागील दिवा अधिक प्रखर ठेवावा लागतो, आणि इतक्या बिंदूंचे चित्र क्षणोक्षणी रचण्याचे कामही वाढते. बॅटरीत ४८ वॅट-तास ऊर्जा असून यंत्र ८ वॅट घेत असेल, तर सहा तास काम चालते. तेच यंत्र १२ वॅट घेऊ लागले की चारच तास उरतात.

२०१२ साली हा व्यवहार एकाच यंत्रात उघडपणे दिसून आला. त्या वर्षीच्या जून महिन्यात ॲपल कंपनीने मॅकबुक प्रो या लॅपटॉपची नवी आवृत्ती बाजारात आणली. तिच्या पडद्यावर २८८० गुणिले १८०० बिंदू होते, म्हणजे सोबत विकल्या जाणाऱ्या जुन्या धर्तीच्या यंत्राच्या चौपट. जुन्या धर्तीच्या यंत्रात ७७.५ वॅट-तासांची बॅटरी होती, नव्यात ९५ वॅट-तासांची. तरीही कंपनीने दोहोंसाठी सांगितलेला काळ एकच होता : सात तास. नव्या यंत्रातून फिरती तबकडी काढलेली असतानाही एक पंचमांशाहून अधिक वाढलेली ऊर्जा कामाचा एकही तास वाढवू शकली नाही. तिचा मोठा वाटा पडद्याने घेतला, असे मानण्यास जागा आहे. शिवाय यंत्र पातळ राखण्याकरिता ती मोठी बॅटरी पेटीच्या आतील बाजूस डिंकाने चिकटवण्यात आली. यंत्रांची दुरुस्तीक्षमता तपासणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने त्यास दहापैकी एक गुण दिला.

बॅटरी आत बंदिस्त करण्यामागे निव्वळ व्यापारी हेतू असतो, असे म्हणणे योग्य होणार नाही. जुन्या लॅपटॉपच्या सुट्या बॅटरीत १८ मिलिमीटर व्यासाचे धातूचे नळकांडी घट असत. त्यांना स्वतःचे कठीण कवच असे, त्यावर पेटीचे दुसरे कवच, आणि बसवण्याकाढण्यासाठी खटके. पातळ यंत्रात नळकांडे मावत नाही. तेथे पापडाप्रमाणे चपटा, मऊ पत्र्याच्या पिशवीतील घट वापरतात. अशी पिशवी उघडी हाताळणे धोक्याचे असल्याने यंत्राची पेटी हेच तिचे कवच बनते. स्क्रूंऐवजी डिंक वापरणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. तिचे समर्थन इतक्या सहजपणे करता येत नाही.

सुटी बॅटरी तमिळनाडूत एके काळी फार उपयोगाची ठरली असती. १५ सप्टेंबर २०११ रोजी त्या राज्याने शासकीय व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली आणि पुढील वर्षांत लाखो यंत्रे वाटली गेली. २०१२ साली राज्यात दीर्घ वीजकपात चालू होती. अशा वेळी भरून ठेवलेली दुसरी बॅटरी जवळ असली, की अभ्यास पुढे चालतो. बंदिस्त बॅटरीस हा उपाय नाही. मात्र खरा प्रश्न दोन-तीन वर्षांनंतर उभा राहतो. ज्या घरात आलेले पहिले यंत्र हेच शेवटचेही असण्याचा संभव आहे, तेथे त्याचे आयुष्य कोणता भाग ठरवतो?

तो भाग बहुधा बॅटरी हाच असतो. पडदा नीट वापरल्यास दहा वर्षे टिकू शकतो, लिथियम-आयन घट तितका टिकत नाही. त्याच्या ऋण अग्रावर एक पातळ थर बसतो. घट चालण्यास तो आवश्यक असतो, पण तो हळूहळू जाड होत जातो आणि लिथियमचा काही अंश कायमचा गिळतो. उष्णता वाढली की ही क्रिया वेगाने घडते, आणि घट पूर्ण भरलेला असेल तर आणखी वेगाने. कावेरीच्या खोऱ्यातील तंजावरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या जवळ जातो. त्यात यंत्र दिवसभर विजेस जोडून ठेवले, तर दोन्ही कारणे एकत्र येतात. थंड देशातील खोलीत जी बॅटरी चार वर्षे टिकावी, ती येथे आधीच थकते. अनेक नव्या लॅपटॉपांत भरण ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती वापरल्यास झीज बरीच मंदावते.

थकलेल्या चपट्या घटात कधी कधी वायू साठून तो फुगतो. टचपॅड वर उचलले गेले, किंवा यंत्राचे झाकण नीट बसेनासे झाले, तर यंत्र बंद करून ते भरणे थांबवावे आणि जाणकाराकडे न्यावे. फुगलेल्या पिशवीस टोचणे म्हणजे आगीस निमंत्रण देणे होय.

म्हणून दुकानात पडद्याच्या बिंदूंची संख्या विचारून झाल्यावर आणखी काही विचारावे. मागील झाकण साध्या स्क्रूंनी उघडते काय? बॅटरी स्क्रूंनी बसवली आहे की चिकटवली आहे? तीच बॅटरी स्वतंत्रपणे विकत मिळते काय? झाकण स्क्रूंचे व बॅटरीही स्क्रूंची असेल, तर ‘न निघणारी’ म्हणून ओळखली जाणारी बॅटरीसुद्धा कुशल कारागीर अल्प वेळात बदलू शकतो. मोडी कागद वाचणाऱ्याने मधल्या प्रतीचा पडदा व स्क्रूंची बॅटरी पसंत करावी, असे आमचे मत आहे. अधिक सूक्ष्म रेषा पाहावयाची असल्यास चित्र मोठे करून पाहता येते. चिकटवलेल्या बॅटरीवर असा सोपा उपाय नाही.

युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार, उपकरणांतील लहान बॅटऱ्या काही अपवाद वगळता वापरणाऱ्यास स्वतः काढता व बदलता आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख नेमून दिली. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांतील धातू पुन्हा उपयोगात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु चिकटवलेला घट पेटीतून सुखरूप काढणे जितके कारागिरास कठीण, तितकेच ते पुनर्वापराच्या कारखान्यासही कठीण असते.