विमान कललंय, हे वैमानिकाला अंगाने कळतं का?

विमान एका बाजूला कललं तर वैमानिकाला ते बसल्या जागी कळेलच, असं बहुतेकांना वाटतं. दिवसाउजेडी, जमीन दिसत असताना ते खपून जातं. रात्री समुद्रावर नाही. १ जानेवारी १९७८ला सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७४७ ‘सम्राट अशोक’ अवघ्या १०१ सेकंदांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं आणि २१३ माणसं गेली. लोकांनी आधी घातपाताचा संशय घेतला. चौकशीत निघालं वेगळंच. उजवं वळण संपवून विमान सरळ झालं, तरी कॅप्टनपुढचं कल दाखवणारं यंत्र ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. तो कल काढायला कॅप्टनने विमान डावीकडे झुकवलं, यंत्र हलेना म्हणून आणखी झुकवलं. बाहेर क्षितिज दिसत नव्हतं. एवढा अनुभवी माणूस, त्याला जाणवलं कसं नाही? पण अनुभवाने कान बदलत नाही. कानाच्या आतल्या नलिकांना फिरण्यातला बदल तेवढा कळतो; सावकाश आलेला कल त्यांच्या गावीही नसतो. शिवाय नीट घेतलेल्या वळणात वजन सरळ खुर्चीतच दाबलं जातं, कपातला चहासुद्धा हिंदकळत नाही.

मग यंत्र बिघडलं की सगळं संपलं, हा दुसरा गैरसमज. त्या कॉकपिटमध्ये कल दाखवणारी यंत्रं तीन होती: कॅप्टनचं, सहवैमानिकाचं आणि मधलं राखीव. बिघडलेल्या यंत्रावर जाऊ नका, असं फ्लाइट इंजिनिअर सांगत होता. २२ डिसेंबर १९९९ला लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून रात्री निघालेल्या कोरियन मालवाहू ७४७ची गत तीच झाली. दोन यंत्रांत तफावत असल्याचा इशारा वाजत होता, फ्लाइट इंजिनिअर कल ओरडून सांगत होता, सहवैमानिक मात्र गप्प राहिला; चौघेही गेले. इतक्या थोड्या सेकंदांत ताडून कधी बघायचं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कुणाचं यंत्र धरायचं आणि विमान कुणाच्या हाती द्यायचं, याचा सराव जमिनीवर, सिम्युलेटरमध्येच व्हायला हवा.

अर्थात, दोन यंत्रं जुळली म्हणजे ती खरी, असंही नाही. दोघांची माहिती एकाच ठिकाणाहून येत असेल तर ती एका सुरात चुकतात. ऑक्टोबर १९९६मध्ये लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या विमानावर, हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर धुण्याच्या वेळी लावलेली चिकटपट्टी तशीच राहून गेली होती. उंची आणि वेग दाखवणारे सगळेच काटे बिनभरवशाचे झाले. त्या दाबावर अवलंबून नसलेली जमीन जवळ आल्याची सूचना खरी होती, पण खरे-खोटे इशारे एकदमच वाजत होते. अशा वेळी कंट्रोलर खालून उंची सांगेल, ही आशा फोल असते, कारण त्याच्या पडद्यावरचा आकडा विमानच पाठवतं. लिमाच्या कंट्रोलरने प्रामाणिकपणे ९,७०० फूट सांगितले, तेव्हा विमान पाण्याला टेकण्याच्या बेतात होतं.