खिशातला नकाशा

व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनबाहेरच्या पायऱ्यांवर मी फोन आभाळाकडे तिरका धरून उभी होते. साल 2008. पाऊस भुरभुरत होता. हातात नोकिया एन 95. त्याचा सरकता कीपॅड उघडा ठेवला की सिग्नल बरा पकडतो, असं दुकानदाराने बजावून सांगितलं होतं. पडद्यावर उपग्रहांच्या दांड्या एकेक करून भरत होत्या. तीन लागले, त्यातला एक गेला, पुन्हा आला. चौथा काही मिळेना. हे दोन्ही बॅगांवर छत्री धरून शेजारी उभे होते. दहा मिनिटांनी एकदाचा ठिपका उमटला आणि मला इतका आनंद झाला की भिजल्याचं भानच राहिलं नाही.

इतका वेळ का लागतो, हे मी नंतर समजून घेतलं. फोन बंद केला होता मुंबईत आणि सुरू केला थेट इटलीत. डोक्यावर कोणते उपग्रह आहेत याचा त्याचा अंदाजच चुकीचा. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती 30 सेकंदांना एकदा पाठवतो आणि सगळ्या ताफ्याचं वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाइलच्या नेटवर्कवरून हीच माहिती काही क्षणांत मिळते, त्यालाच ए-जीपीएस म्हणतात. पण परदेशात त्याचे पैसे रोमिंगच्या दराने पडायचे, म्हणून मी ते बंद ठेवलं होतं.

ठिपका मिळाला तरी गोष्ट संपली नव्हती. व्हेनिसमध्ये घराचा पत्ता गल्लीवरून नसतो. शहराचे सहा भाग आहेत आणि एकेका भागात हजारो घरांना सलग आकडे दिलेले. आमच्या पत्त्यात कॅनारेजिओ आणि चार आकडी नंबर, एवढंच. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागावेत. अशा ठिकाणी सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि फोनची समजूत होते की आपण भलतीकडेच आहोत. आमचा ठिपका मध्येच उडी मारून कालव्यापलीकडे गेला. मी पूल शोधत राहिले. शेवटी हेच म्हणाले, ‘‘अगं, ती पिवळी पाटी बघ.’’ भिंतीवर रियाल्तोकडे जाणारा बाण होता. त्या पाट्यांचा माग धरून आणि फोनवरच्या नकाशाशी ताळा घेत आम्ही मुक्कामी पोहोचलो.

त्या काळी परदेशासाठी फोन घेताना पहिला प्रश्न बँडचा असे. युरोपात आपल्यासारखेच 900 आणि 1800, अमेरिकेत 850 आणि 1900, म्हणून क्वाडबँड हवा. जपानमध्ये जीएसएम नव्हतंच, तिथे थ्रीजी फोन लागे. जीपीएस ही वरची चैन. पण आम्हाला त्या सहलीत तारलं ते वेगळ्याच गोष्टीने. निघण्याआधी दोन रात्री बसून मी घरच्या कॉम्प्युटरवरून इटलीचा नकाशा मेमरी कार्डात भरून घेतला होता. एका कार्डात अख्खा देश! जीपीएस फक्त ऐकतं, त्याला ना सिम लागतं ना बिल येतं; नकाशा जवळ असला की झालं. हे त्या वेळी मला नीट उमगलं नव्हतं, याची पुढे किंमत मोजावी लागली.

दरम्यान दुनिया भराभर बदलली. नॅव्हटेक ही नकाशांची कंपनी नोकियाने 2008 मध्ये आपल्यात घेतली. 2009 च्या ऑक्टोबरात गूगलने अमेरिकेत वळणावळणाला बोलणारं नेव्हिगेशन फुकट दिलं आणि जानेवारी 2010 मध्ये नोकियानेही ते 74 देशांसाठी मोफत केलं. तोवर भाड्याच्या गाडीत काचेला चिकटवायच्या यंत्राचं वेगळं भाडं भरावं लागे.

मग मीही टचस्क्रीनचा देखणा फोन घेतला. 2011 मध्ये लंडनला आठवडाभर त्याच्या भरवशावर फिरले. नकाशा सुंदर, ठिपका चटकन यायचा. घरी परतल्यावर बिल आलं, 14 हजारांच्या वर. फोन प्रत्येक रस्ता नेटवरून उचलत होता आणि रोमिंगचा मीटर पळत होता. मोबाइल कंपनीच्या काउंटरवर मी बराच वाद घातला. पैसे भरावेच लागले. जुन्या फोनमध्ये जे मी स्वतः भरून नेत होते, ते नव्या फोनमध्ये भरलेलं आहे की नाही हे मी विचारलंच नव्हतं, ही सल आजही आहे.

नकाशाच चुकीचा असेल तर काय होतं, ते 2012 मध्ये जगाने पाहिलं. ॲपलने आयफोनमध्ये स्वतःचे नकाशे आणले. त्यांतल्या चुका इतक्या गाजल्या की टिम कुक यांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच डिसेंबरात ऑस्ट्रेलियात मिल्ड्युरा गावाकडे निघालेले लोक गावापासून सुमारे 70 किलोमीटर दूर ओसाड राष्ट्रीय उद्यानात जाऊन अडकले. व्हिक्टोरियाच्या पोलिसांना इशारा द्यावा लागला. तिथे पारा 46 अंशांपर्यंत जातो, पाणी नसतं. त्या फोनच्या जीपीएसमध्ये काही खोट नव्हती. जागा अचूक कळत होती, फक्त गाव भलतीकडे मांडलेलं होतं.

2015 च्या अखेरीस गूगलच्या डाउनलोड केलेल्या नकाशावरही मार्ग मिळू लागला आणि मला हायसं वाटलं. पण नेटशिवाय मिळायचा तो गाडीचा रस्ता. पायी चालणाऱ्याला तिथे वाट नव्हती. आमच्यासारखी माणसं तर दिवसभर चालतात. त्यासाठी मला ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप उपयोगी पडली. 2004 मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा नकाशा जगभरच्या हौशी माणसांनी गल्ल्या, पायवाटा, जिने नोंदवून वाढवला आहे. त्यांच्याबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते.

2018 मध्ये सोलला गेलो, तेव्हा फोन उत्तम होता आणि तरी अडलो. सुरक्षेच्या कारणावरून दक्षिण कोरियाने तपशीलवार नकाशे देशाबाहेर नेऊ द्यायला 2016 मध्ये गूगलला नकार दिला होता. सवयीच्या नकाशात चालायचा रस्ताच निघेना. यजमानीणबाईंनी नेव्हरचा कोरियन नकाशा उतरवून दिला आणि शेजारच्या बोळातली सूपची खानावळसुद्धा सापडली.

आता दुकानात गेलं की जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बेदू अशी उपग्रहप्रणालींची नावं ऐकवतात. त्यात तथ्य आहे. जास्त उपग्रह दिसले की उंच इमारतींमध्ये ठिपका कमी भरकटतो आणि 2018 पासून आलेल्या दोन फ्रिक्वेन्सींच्या फोनमध्ये तर फरक स्पष्ट जाणवतो. आपलं नाविक फोनमध्ये असलं की मला अभिमान वाटतो, पण त्याची झेप भारत आणि सभोवतीच्या साधारण 1,500 किलोमीटरपर्यंतच. युरोपच्या सहलीसाठी ‘नाविक आहे’ म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा ई-सिमची सोय बघावी: बँकेच्या ओटीपीसाठी आपलं सिम सुरू राहतं आणि नेट तिकडचं घेता येतं.

भाची पुढच्या महिन्यात एकटी जपानला निघाली आहे. फोन कोणता घेऊ, विचारायला आली. तिने तीन फोनांची नावं काढली होती. मी म्हटलं, ‘‘नवा राहू दे. आधी आहे त्या फोनमध्ये क्योटोचा नकाशा भर.’’ तो भरून झाल्यावर वाय-फाय बंद करायला लावलं, एअरप्लेन मोड लावायला सांगितला. ‘‘आता स्टेशनपासून तुझ्या मुक्कामाचा चालायचा रस्ता काढ.’’

तिने पत्ता टाकला. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक रेघ उमटली, नदीकडे वळली.

‘‘मावशी, आला गं रस्ता!’’ ती म्हणाली आणि मग बॅटरीकडे बघून, ‘‘पण चार्ज मात्र दुपारपर्यंत टिकणार नाही.’’

‘‘पॉवर बँक घेऊ,’’ मी म्हटलं.