कातळावरचे घर आणि अर्थिंगची तार

घर बांधताना फरशी कोणती, खिडक्यांना रंग कोणता यावर घरात चार-चार दिवस चर्चा रंगते. अर्थिंगचे काम मात्र वायरमनवर सोपवून सगळे मोकळे होतात. तो खड्डा खणतो, पाइप उभा करतो, भोवती मीठ-कोळसा घालून वर पाणी ओततो. काळ्या मातीत एवढ्यावर भागतेही. पण कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर किंवा देशावरच्या काळ्या कातळावर घर असेल तर? तिथे दोन फुटांवरच पहार ठणकते. भारतीय मानकाप्रमाणे पाइप किमान अडीच मीटर लांब हवा, प्रत्यक्षात तो कापून आखूड तुकडाच पुरला जातो. भिंतीवर हिरवी तार दिसते, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही.

समजा, गीझरच्या पत्र्यात वीज उतरली. अर्थिंगचा रोध ५० ओहम असेल, तर २३० व्होल्टला जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह जमिनीत जातो. १६ अँपिअरच्या फ्यूजला किंवा एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. गीझर चालू राहतो, पाणी तापते आणि ओल्या हाताने नळ सोडणाऱ्याच्या जिवावर बेतते.

मग कातळावर करायचे काय? खोल जाता येत नसेल तर आडवे जावे. आवारात अर्धा-पाऊण मीटर खोल लांब चर खणून त्यात जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी पुरता येते. मातीचा थर जिथे जाड, न्हाणीघराचे पाणी जिथे मुरते, ती बाजू निवडावी. खर्च झेपत असेल तर यंत्राने कातळात भोक पाडून पाइपभोवती बेंटोनाइट माती भरावी. ही माती पाणी शोषून फुगते आणि ओल धरून ठेवते. मीठ पावसात वाहून जाते, वर लोखंडही खाते. घर अजून पायात असेल तर फारच उत्तम. जमिनीला टेकलेले काँक्रीट ओल धरते, म्हणून पायातल्या सळयाच एकमेकींना नीट जोडून अर्थिंगसाठी वापरता येतात. पण हे काँक्रीट ओतण्यापूर्वीच ठेकेदाराला सांगायला हवे.

एवढे करूनही रोध फारसा उतरला नाही, तर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी घराला वाचवतो. अर्थिंग शेकडो ओहमचे असले तरी गळती होताच तो वीज तोडतो. अर्थात त्याचे चाचणी-बटण दाबून अर्थिंगची परीक्षा होत नाही. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी ते बटण काम करते. काही वायरमन सोपा उपाय म्हणून अर्थिंग न्यूट्रललाच जोडून देतात. असे मुळीच करू देऊ नये. बाहेर न्यूट्रल तुटला, की घरातल्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यात वीज येते.

परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा आणि तोही मे महिन्यात. पावसाळ्यात भिजलेल्या जांभ्यावर आकडा चांगला येतो, उन्हाळ्यात तोच कितीतरी चढलेला असतो.