घोड्यावरून पाहिलेले रण

ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण या पट्ट्यातल्या आपल्या घरांना वाळवंट परके नाही. कुणाचे अब्बा दम्मामला, कुणाचे मामू मस्कतला. सहावीच्या भूगोलाच्या तासाला मी विचारले, वाळवंटात काय काय असते? वाळू, उंट, ऊन, खजूर अशी उत्तरे आली. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "काहीच नसते, टीचर. अब्बांनी सांगितलंय." त्याचे अब्बा बारा वर्षे जुबैलला आहेत. त्या माणसाने वाळवंट पाहिले ते कंपनीच्या बसच्या काचेतून, पहाटे जाताना आणि मगरिबनंतर परतताना. उमऱ्याला जाणारे आपण तरी काय करतो? मक्केहून मदिनेचा रस्ता बहुतेक झोपेतच सरतो.

वाळवंट पाहायचे तर वेग कमी हवा. ॲन ब्लंट या इंग्रज बाईंनी ते करून दाखवले. १८७९ च्या जानेवारीत त्या पतीबरोबर अरबी घोड्यावर बसून उत्तर अरबस्तानातले नफूद ओलांडून हाइलला गेल्या. १८८१ मध्ये या सफरीचे पुस्तक निघाले. नफूद म्हणजे निर्जीव ओसाडी, अशी ऐकीव समजूत होती. बाईंना दिसली ती तांबडी वाळू, जागोजागी झुडपे आणि घोड्याच्या नालेच्या आकाराचे खोल खळगे. त्यांनी त्या खळग्यांची मापे घेतली, चित्रे काढली.

मात्र वाळवंटातला घोडा एकट्याच्या बळावर जगत नाही. उंट दिवसेंदिवस पाण्याशिवाय काढतो; घोड्याला रोज निदान पंचवीस-तीस लिटर पाणी हवे, उन्हात त्याहून जास्त. म्हणून बदू लोक घोड्याचे पाणी उंटाच्या पाठीवर लादून नेत आणि पाणी कमी पडले की घोडीला उंटिणीचे दूध पाजत. सूरह अल्‌-आदियातची सुरुवात धावत्या घोड्यांनी होते आणि सूरह अल्‌-गाशियात उंटाच्या घडणीकडे पाहायला सांगितले आहे, हे आपण मदरशात शिकतो. या दोघांचा संसार एकमेकांवर कसा चालतो, ते मला असे वाचताना उमगले.

हे घोडे आपल्या ठाण्यालाही ओळखीचे होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाची एक चमत्कारिक गोष्ट लिहून ठेवली आहे. राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता: लुटलेल्या जहाजावरचे घोडे राजाचे, सोने आणि बाकीचा माल चाच्यांचा. हिंदुस्थानात चांगले घोडे कमी निपजत, म्हणून अरबस्तान आणि इराणहून ते जहाजे भरून येत. राजाने सोने सोडले, घोडा सोडला नाही. (आजचे ठाणेकर घोडा पाहतात तो वरातीत नाहीतर माथेरानला.)

खरे वाळवंट घोड्यावरून पाहायचे तर आखातात जायला नको. गुजरातेतले कच्छचे छोटे रण आपल्यापासून एका रेल्वेप्रवासावर आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही दसाड्याच्या बाजूला गेलो. तिथे मुक्कामाच्या काही ठिकाणी काठियावाडी आणि मारवाडी घोडे ठेवलेले आहेत. काठियावाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक भिडवतात. आमची धाकटी ते पाहून तासभर हसत होती. हे घोडे रेवाल चालीने चालतात. या चालीत पाठ उसळत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या नवशिक्या बाईलाही बसता येते.

रणात वाळूच्या टेकड्या नाहीत. मैलोन्‌मैल सपाट, भेगाळलेला चिखल आणि त्यावर मिठाची पापडी. पावसाळ्यात एकीकडून बनास, रूपेण यांसारख्या नद्यांचे पाणी येते, दुसरीकडून कच्छच्या आखातातली भरती चढते आणि हे सगळे उथळ तळे होते. मधले उंचवटे तेवढे बेटासारखे वर राहतात. त्यांना तिथे बेटच म्हणतात. पाणी ओसरले की पुन्हा वाळवंट. जीपमधून हे सगळे एकसारखे राखाडी दिसते. घोड्यावर बसले की नजर आठ फुटांवर जाते आणि खाली खुरांचा आवाज बदलतो: कोरड्या पापडीवर करकर, ओलसर जागी दबका. आमचा घोडेवाला त्या आवाजावरूनच वाट बदलत होता, कारण पापडीखालचा चिखल फसवा असतो.

एका बेटाच्या कडेला घुडखरांचा कळप दिसला. हे रानगाढव, रंग वाळूचा, पोट पांढरे, पाठीवर गडद पट्टा. जीपच्या आवाजाने दूर गेलेला तोच कळप आमच्या घोड्यांकडे कान टवकारून बघत उभा राहिला. १९६९ च्या गणनेत इथे अवघे ३६२ घुडखर उरले होते. घोड्यांना होणाऱ्या 'सर्रा' रोगाने त्यांना झोडपले होते. १९७३ मध्ये सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले आणि २०२४ च्या गणनेत संख्या ७,६७२ भरली.

पण या वाढीची दुसरी बाजूही रणातच भेटते. अगरिया कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पावसाळा संपला की इथे येतात, जमिनीखालचे खारे पाणी उपसून मे महिन्यापर्यंत मीठ पिकवतात. गोडे पाणी टँकरने येते. अभयारण्य झाल्यापासून त्यांच्या हक्काचा प्रश्न लोंबकळत पडला आहे. आपल्याकडचे आगरी आणि तिथले अगरिया, नावे बहिणींसारखी. झोपडीपाशी आम्ही उतरलो तर तिथल्या बाईने आधी घोड्यांपुढे पाण्याची बादली ठेवली, मग आम्हाला काळा चहा दिला. "तुमच्याकडे मीठ पिकते का?" तिने विचारले. मी भांडुप-मुलुंडच्या मिठागरांविषयी सांगितले, आता तिथे इमारतींचे बेत चालू आहेत हेही. ती नुसती मान हलवत राहिली.

जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कल्याण-डोंबिवलीकरांनी दादर किंवा बोरिवली गाठून भुजकडे जाणारी गाडी धरावी, विरमगामला उतरावे. तिथून दसाडा, झैनाबाद रस्त्याने साधारण तासाभरावर. वनखात्याचा परवाना आणि स्थानिक वाटाड्या लागतोच. घुडखरामागे घोडा पळवू नये. पहाटे फजर आटोपून निघालात तर सूर्य उगवेपर्यंत बेटापर्यंत पोहोचता येते.