नवस आपला, अंग बैलाचं

पाचवा पायस हा पोप इतिहासाच्या पुस्तकांत भेटतो तो १५७१च्या लेपांतोच्या आरमारी लढाईमुळे. माझ्या मनात मात्र तो गेली अनेक वर्षं घर करून आहे ते त्याच्या एका फर्मानामुळे. १ नोव्हेंबर १५६७ रोजी रोमहून निघालेल्या त्या कागदाने वळूंचे खेळ बंद करायचा हुकूम ख्रिस्ती जगाला दिला. स्पेनमधल्या झुंजींवर, पाम्प्लोनातल्या धावेवर किंवा आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीवर वाद पेटला की मी तो कागद पुन्हा काढून बसतो, कारण आजच्या वादातली जवळजवळ प्रत्येक बाजू त्या कागदात किंवा त्यावरून उसळलेल्या भांडणात सापडते.

फर्मानाची सुरुवात द्वंद्वयुद्धापासून होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने द्वंद्व निषिद्ध ठरवलं, तरी लोक आपलं बळ मिरवायला भर चौकात वळूंशी झुंजतात, त्यात माणसं मरतात, लुळीपांगळी होतात आणि आत्मे धोक्यात येतात, अशी पायसची तक्रार आहे. मग शिक्षा येतात. जो राजा आपल्या मुलखात हे खेळ होऊ देईल तो बहिष्कृत. झुंजीत जो मरेल त्याला चर्चची मूठमाती नाही. धर्मगुरूंनी हे खेळ पाहायलाही जायचं नाही. आणि याच कागदात आपल्याला चटकन ओळखू येईल असं एक कलम आहे: संतांच्या नावाने वळू सोडण्याचे जे नवस, शपथा नि करार झाले असतील ते सगळे रद्द. स्पेनमधली गावं साथ टळली, पाऊस पडला की संताच्या उत्सवात वळू सोडायची. देवाला बोललेलं मोडायचं कसं, हा त्यांचा खरा पेच होता. पायसने सांगितलं, असला नवस मुळात लागूच होत नाही.

इतका कडक कागद, आणि त्यात वळूच्या वेदनेबद्दल काहीही नाही. भाल्याने त्याचं काय होतं याची विचारपूस नाही. पायस डोमिनिकन पंथाचा होता आणि त्याच १५६७ साली त्याने थॉमस अक्वायनसला चर्चच्या महापंडितांच्या पंगतीत बसवलं. अक्वायनसच्या शिकवणीत जनावराशी क्रूर वागू नये ते मुख्यतः अशासाठी, की तशा वागण्याने माणूस माणसाशीही क्रूर होतो. पोपच्या कागदामागे हीच दृष्टी उभी आहे. त्याला काळजी होती ती खेळणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची.

फर्मान स्पेनला पोचलं आणि अडकलं. दुसरा फिलिप हा कॅथलिक जगातला सर्वांत बलाढ्य राजा. त्याने आपल्या राज्यात ते प्रसिद्धच होऊ दिलं नाही आणि रोमकडे रदबदली सुरू केली. १५७५मध्ये तेराव्या ग्रेगरीने सामान्य लोकांवरचा बहिष्कार उठवला. अट एवढीच की सणाच्या दिवशी खेळ नकोत आणि कुणी मरणार नाही याची खबरदारी घ्यावी. धर्मगुरूंवरची बंदी मात्र कायम राहिली.

इथून पुढे भांडण सालामांका विद्यापीठात शिरलं, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त रस आहे तो याच टप्प्यात. युरोपातलं हे नामांकित विद्यापीठ, आणि तिथे डॉक्टर होणाऱ्याने पदवीच्या समारंभात वळूंच्या खेळाचा खर्च उचलायचा असा रिवाज होता. प्राध्यापकांतले कितीतरी जण स्वतः दीक्षित धर्मगुरू. म्हणजे पोपचा हुकूम पाळायचा तर आपल्याच विद्यार्थ्याच्या पदवीच्या उत्सवाला पाठ फिरवायची. त्यांनी ती फिरवली नाही. उलट धर्मशास्त्राच्या वर्गात उभं राहून, धर्मगुरूने वळूंचा खेळ पाहण्यात पाप नाही, असं शिकवायला सुरुवात केली. १५८६मध्ये पाचव्या सिक्स्टसने सालामांकाच्या बिशपला पत्र धाडून नेमकी हीच तक्रार केली आणि अशा अध्यापकांना आवरण्याचे अधिकार दिले. हे पत्र वाचताना मला राहून राहून वाटतं की विद्वत्ता परंपरेच्या पदरी चाकरीला राहिली की काय होतं, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित सापडतो. त्या वर्गांत बुद्धीची कमतरता नव्हती. उत्तर आधी ठरलेलं होतं आणि युक्तिवाद मागाहून जुळवला जात होता.

शेवटी रोम थकलं. १५९६मध्ये आठव्या क्लेमेंटने, मठवासी साधू सोडले तर, सगळ्यांना मोकळं केलं. हे खेळ म्हणजे लढाईचा सराव, ते स्पॅनिश लोकांच्या रक्तातच आहेत, आणि बहिष्काराच्या धाकाने काही साधलं नाही, अशी कारणं त्यासाठी पुढे आली. शौर्य, संस्कृती आणि ‘बंदी चालत नाही’: आजही हीच तीन कारणं दिली जातात.

पुढची तीन शतकं भरभर ओलांडली तरी चालतील. घोड्यावरच्या सरदारांची जागा पायी लढणाऱ्या पगारी मातादोरांनी घेतली, राजांनी बंद्या घातल्या, राजांनीच उठवल्या. एक साल मात्र थांबून पाहावं असं आहे: १९२८. तोवर भालाईताच्या घोड्याचं पोट वळूच्या शिंगाने फाटायचं, आतडी वाळूवर लोंबायची, आणि हे जवळजवळ प्रत्येक झुंजीत घडायचं. त्या साली घोड्याच्या अंगावर जाड गादीचं चिलखत सक्तीचं झालं. प्रेक्षकांना, विशेषतः परदेशी पाहुण्यांना, ते दृश्य सोसवेना, हे त्यामागचं मोठं कारण. घोडा वाचला तो आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी. गोव्यातही धिरयोचा, म्हणजे बैलांच्या झुंजींचा, प्रश्न ऐरणीवर आला तो १९९६मध्ये एका प्रेक्षकाचा जीव गेल्यावर. मग याचिका, मग उच्च न्यायालयाची बंदी. माणूस मेला की कायदा जागा होतो.

म्हणूनच ७ मे २०१४चा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला या लांबलचक इतिहासातलं खरं वळण वाटतो. तमिळनाडूतला बैलांचा खेळ जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती दोन्ही त्याच्या कक्षेत होत्या. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांनी प्रश्नच फिरवला. किती माणसं मरतात हा मुद्दा बाजूला राहिला आणि बैलाचं काय होतं हे मध्यभागी आलं. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी नाही, तो धावतो तो भीतीने आणि वेदनेने, असं निकालाने मांडलं. त्यासाठी न्यायालयापुढे आलेला तपशील देवळातल्या पुराणातला नव्हता, मैदानातला होता: शेपटी पिरगाळणं, चावणं, काठी, चाबूक.

शर्यतीतल्या माणसांना हे ऐकून राग येतो, आणि तो राग खोटा नाही. जुन्नर, खेड, आंबेगावच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी सुटते तेव्हा पुढे घोडी, मागे चार बैल, आणि सगळा खेळ काही सेकंदांचा. त्या सेकंदांसाठी गाडामालकाने वर्षभर बैलाला पोटच्या पोरासारखं जपलेलं असतं. स्वतःच्या घरात दुधाला काटकसर करून बैलाला खुराक घातलेला असतो. ट्रॅक्टर आल्यावर खिलार जनावर दावणीला ठेवायचं कारण अनेकांना शर्यतीनेच पुरवलं. याला प्राणिप्रेमींनी नुसतं झिडकारून चालणार नाही. पण त्याच घाटात सुटण्याच्या जागी जरा जवळ उभं राहावं. जू मानेवर येताना बैल मागे रेटा देतो, डोळ्यांतलं पांढरं दिसू लागतं, नाकपुड्या फुलतात, तोंडाला फेस येतो, आणि पाच-सहा जण त्याला अंगाने दाबून धरतात. त्याचं मत तिथे स्पष्ट कळतं.

२०१४च्या निकालाने आलेल्या बंदीनंतर महाराष्ट्राने एप्रिल २०१७मध्ये कायदा दुरुस्त केला आणि बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर पशुवैद्यकांच्या समितीचा अहवाल आणवला. बैल धावू शकतो, असा त्याचा निष्कर्ष. १६ डिसेंबर २०२१ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. या अहवालाने २०१४च्या निकालातल्या एका मुद्द्याला उत्तर दिलं, शरीराच्या. बैल धावू शकतो का, हे त्याने सांगितलं. तो का धावतो, हा प्रश्न तसाच उरला. सालामांकाच्या प्राध्यापकांची आठवण मला इथे येते.

घटनापीठाने प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं मानलं नाही आणि परंपरा कोणती हे ठरवणं विधिमंडळाकडे सोपवलं. पण परवानगी टिकवताना एक आधार घेतला: नव्या नियमांमुळे वेदना बरीच कमी होते. म्हणजे आज शर्यतीची सगळी वैधता घाटातल्या नियमांवर उभी आहे. चाबूक नाही, काठी नाही, विजेचा झटका नाही, पशुवैद्यकाचा दाखला हवा. हे पाळलं गेलं नाही, तर कायद्याच्या बुडाखालची जमीनच सरकते. जखमी बैलांची नोंद प्रत्येक यात्रेनंतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे, आणि ती लावायची मागणी गाडामालकांनीच आधी करायला हवी, कारण बैल घरातला आहे असं तेच सांगतात.

मी स्वतः त्याच्याही पुढे जातो. पायसच्या फर्मानात बैल नव्हता, पण नवसाचं ते एक कलम मला आजही पटतं. देवाला काही बोलायचं असेल तर माणसाने उपास करावा, वारी करावी, रक्तदान करावं. या सगळ्यांत स्वतःचं अंग झिजतं. बैलाने कुठल्याच देवाला काही कबूल केलेलं नाही. त्याच्या धावण्यातून फेडलेला नवस माझ्या लेखी फिटलेला नाही.