ऐरोलीची खाडी आणि खडवलीचे पाणी

निसर्गविज्ञानाचे संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटांत मांडलेले पेंढा भरलेले पक्षी आणि त्यांच्या पायाशी लिहिलेली लॅटिन नावे डोळ्यांपुढे येतात. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र या ठरीव चित्रात बसत नाही, कारण त्याचे खरे दालन इमारतीबाहेर, ठाणे खाडीच्या उघड्या पात्रावर पसरलेले आहे. खारफुटीच्या रक्षणासाठी राज्याच्या वनविभागात २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाचे हे केंद्र जर्मनीच्या सहकार्याने उभे राहिले आणि २०१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. कसारा मार्गावरच्या खडवलीच्या माणसाला लोकलने ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर गाडी धरली की ते तसे जवळच आहे.

आतली मांडणी शाळकरी मुलांना धरून केलेली आहे आणि तिच्यासाठी फार वेळ राखून ठेवण्याची गरज नाही. काठावरच्या खारफुटीपाशी मात्र रेंगाळावे. येथे प्रामुख्याने वाढणारी तिवर ही झाडे ज्या चिखलात उभी असतात त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून त्यांच्या आडव्या मुळांपासून बोटभर जाडीचे असंख्य खुंट सरळ वर येतात. त्यांना श्वसनमुळे म्हणतात, आणि त्यांच्या सालीवरील बारीक छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत घेतली जाते. शोषलेले जादा मीठ पानांतून बाहेर टाकले जाते आणि कोरड्या दिवसांत त्याचे कण पानांवर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. याच चिखलात कोळ्यांच्या ओळखीची निवटी, म्हणजे कल्ल्यांचा मासा असूनही परांच्या आधाराने जमिनीवर सरपटणारा जीव, आणि चिंबोऱ्या वावरतात.

केंद्रातून निघणारी बोट खाडीच्या मध्यावर आली की शहर चहूबाजूंनी दिसू लागते. पश्चिमेला मुलुंड-भांडुपचे मनोरे आणि त्यांच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला नवी मुंबई, तिच्यामागे पारसिकची रांग, आणि या दोन्ही काठांना जोडणारा ऐरोली पूल. या देखाव्याच्या पुढ्यात, २०१५ साली अभयारण्य घोषित झालेल्या सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्रात, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे चरत असतात. त्यांत संख्येने मोठा वाटा असलेला छोटा रोहित मान खाली घालून चोच उलटी बुडवतो, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीच्या कडांवरील सूक्ष्म पट्टिकांत अडकलेले नील-हरित शैवाल गिळतो. पिसांचा गुलाबी रंग याच अन्नातील रंगद्रव्यांतून येतो. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यामागे या पक्ष्यांचा वाटा मोठा आहे.

एवढे शैवाल येथे का वाढते, याचा शोध घेत गेले की गोष्ट पुन्हा खडवलीपाशी येते. खडवलीच्या काठाने वाहणारी भातसा पुढे काळू आणि उल्हास यांना मिळते आणि ते पाणी बव्हंशी वसईच्या खाडीतून समुद्राला जाते. त्याआधीच, पिसे येथील बंधाऱ्यावर, मुंबई महापालिका या नदीचे पाणी उचलते, पांजरापूरला शुद्ध करते आणि जलवाहिन्यांनी शहराकडे नेते; मुंबईच्या पाणीपुरवठ्यात जवळपास निम्मा वाटा भातसेचा आहे. घराघरांत वापरून झालेल्या पाण्यापैकी पूर्व उपनगरांचा मोठा भाग भांडुप-घाटकोपरकडून ठाणे खाडीत सोडला जातो. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर शैवाल पोसते आणि १९९० च्या दशकापासून येथे रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले त्याचे हे एक कारण असावे, असे पक्षी-अभ्यासक मानतात. नदीने स्वतः जी वाट फारशी धरली नव्हती, ती नळांनी तिला धरायला लावली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. खाडीची जीवसृष्टी समजावून देणाऱ्या कोणत्याही नकाशावर ही नळवाट ओढायला हवी.

भांडुप आणि घाटकोपर येथे आता सांडपाणी अधिक काटेकोरपणे शुद्ध करणारी नवी केंद्रे बांधली जात आहेत. मासे, चिंबोऱ्या आणि त्यांवर पोट असलेले कोळी यांच्या दृष्टीने ती कधीच व्हायला हवी होती. मात्र पाण्यातील पोषकद्रव्ये घटल्यावर शैवाल किती उरेल आणि त्यावर किती रोहित पोसतील, हे ती सुरू झाल्यानंतरचे काही हिवाळे मोजल्यावरच ठरेल.